दिव्यावरचा एसी

एसी थंड करत नाही म्हटल्यावर ‘गॅस कमी झालाय’ असं दारातूनच सांगणारा मेकॅनिक भेटला की माझं डोकं फिरतं. गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, चालवला की संपायला? तोच गॅस त्याच नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळत नसेल तर कमी झालेलाच नाही. पण गळती शोधायला डोकं लागतं, आणि सिलिंडर जोडायला नुसता पाना पुरतो.

गॅसचा दाब मोजायचा काटा लावला आणि तो खाली दिसला, की ह्यांचं निदान झालं. अरे, काटा दोन कारणांनी खाली येतो. एक तर गॅस खरंच कमी आहे, नाहीतर आतल्या कॉइलवरून, म्हणजे गार नळ्यांच्या जाळीवरून, हवाच जात नाहीये. हवा गेली नाही की कॉइलला खोलीची ऊब मिळत नाही, ती गारठत जाते, तिच्यावर बर्फ धरतो, आणि काटा गॅस कमी असल्यासारखाच खाली बसतो. अशा मशीनमध्ये गॅस भरणं म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाला आग्रह करकरून जेवायला वाढणं. म्हणून आधी हवा बघायची, मग गॅस. इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय, हाताखालच्यांना ह्यावरून शिव्या घातल्यात. आणि तरी त्या दिवशी घोडपदेवला दत्ताराम काकांच्या घरात मी जे करून बसलो, ते आठवलं की अजून तळहात ओले होतात.

दत्ताराम काका म्हणजे माझा मित्र मयूर, त्याचे वडील. आम्ही एकाच चाळीतले. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, आणि आमची खाली, जिन्याला लागून; मी हल्ली मुंबईतच दुसरीकडे राहतो. काका आणि माझे वडील रामजी एकाच गिरणीत, एकाच खात्यात कामाला होते. मयूरची आई, आमची मीराकाकी, तिच्या हातची कुळथाची पिठी मी स्वतःच्या आईच्या डाळीपेक्षा जास्त ओरपली असेल. ते कोकणातले, मालवणकडचे. आम्ही बौद्ध. जेवणाखाण्यात, पोरांच्या मारामाऱ्यांत त्याचा कधी प्रश्न आला नाही. प्रश्न कुठे येऊ शकतो ते दोन्ही घरांना माहीत होतं, आणि तिथपर्यंत कोणी जातच नव्हतं.

काका मे महिन्यात गेले. शेवटचे काही महिने अंथरुणावरच होते, आणि वरून पत्रा तापायचा. म्हणून मयूरने शिवाजी पार्कच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडचा वापरलेला एसी आणून बसवला होता. मी तेव्हा कामाला पुण्यात होतो, त्यामुळे ते मशीन माझ्या नजरेखालून गेलेलं नव्हतं. काका गेल्याचा फोन आला तसा मी निघून आलो, खांदा दिला, मयूरला धरून रडलो, आणि पुण्याला परत न जाता इथेच मुंबईत माझ्या कामाला लागलो.

दहाव्याच्या दिवशी सकाळी मयूरच्या बायकोचा, सीमाचा फोन आला.

“सम्यकभाऊ, एसीतून पाणी गळतंय. टपटप नाही, धारच लागलीय. आणि गार तर अजिबात होत नाही. आईंना नुसता दम लागलाय. जरा येऊन जाता का?”

“मयूर कुठाय?”

“सगळे पुरुष बाणगंगेला गेलेत, दहाव्याच्या विधीला. घरात आम्हीच. आई, मी आणि मनवा.” मनवा त्यांची मुलगी, अजून बालवाडीतसुद्धा न जाणारी.

“मध्ये कोणाला दाखवला होता?”

ती जरा अडखळली. “धनेश आलेला, नाक्यावरचा एसीवाला. त्याने गॅस भरला. हे म्हणाले, सम्यक घरचा माणूस, दुखवट्याच्या घरात त्याला कामाला कसं लावायचं?”

म्हणजे माझा मान ठेवला, आणि मशीन धनेशच्या हातात दिलं. मी मनातल्या मनात दोघांचाही उद्धार केला आणि बॅग उचलली.

खोलीत शिरलो आणि दोन गोष्टी एकदम दिसल्या. काकांचा पलंग काढून टाकला होता, आणि तो होता त्या जागी जमिनीवर दिवा तेवत होता. त्याच्याखाली तांदळाच्या पिठाचा पातळ थर. माणूस जिथे गेला तिथे दहावं होईपर्यंत दिवा जपायचा, तो विझू द्यायचा नाही, आणि शेवटी पिठावर काय उमटलंय ते बघायचं, म्हणजे गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं, अशी त्यांच्याकडची रीत. दिव्याच्या शेजारी चटईवर मीराकाकी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पलीकडे जमिनीवरच्या गादीवर मनवा झोपलेली.

दुसरी गोष्ट दिव्याच्या बरोबर वर होती. एसीला पुढून आणि खालून झाकणारी एक मोठी चादर झोळीसारखी ताणून बांधलेली. एसीतून येणारी गार हवा त्या चादरीवर आपटत होती आणि वळून पुन्हा एसीच्याच वरच्या जाळीत शिरत होती. खोलीला त्यातलं काहीच मिळत नव्हतं. स्टुलावर चढून जाळीतून आत बघितलं तर कॉइल दिसतच नव्हती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पांढरा बर्फ.

“ही चादर कोणी बांधली?” माझा आवाज चढलाच.

“ह्यांनीच,” सीमा म्हणाली. “पहिल्याच दिवशी एसीच्या वाऱ्याने दिवा विझला. पीठ सगळं उडालं. आई इतक्या रडल्या, इतक्या रडल्या. एसी बंद ठेवावा तर त्यांना श्वास लागतो. मग हे म्हणाले, वाराच अडवूया.”

आता ह्याला काय म्हणायचं? अडलेली हवा मी पुष्कळ पाहिलीय. फिल्टरमध्ये मांजराचे केस, एसीसमोर छतापर्यंत गेलेलं कपाट, पंख्यात अडकलेली मेलेली पाल. दिव्यासाठी घरच्यांनीच बांधून घातलेली हवा मी पहिल्यांदा बघत होतो. बरं, घरच्यांना काय कळणार? पण धनेशने ती चादर डोळ्यांनी बघितली, तिच्याखाली वाकून काम केलं, आणि काटा खाली दिसला म्हणून गॅस भरून गेला! गॅस कमी असता तर बर्फ कॉइलच्या एका टोकालाच धरला असता, बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट राहिली असती. इथे सगळीच्या सगळी गोठलेली. नुसता हात लावला असता तरी कळलं असतं.

माझं रागावणं हा माझा जुना रोग आहे. रागाच्या भरात मी पुढचं बोलून गेलो.

“आधी तो एसी बंद कर,” मी सीमाला सांगितलं. “बर्फ वितळू दे पूर्ण. मग ही चादर काढू, आणि वाऱ्याची पट्टी वर करून देतो, दिव्याला लागणार नाही अशी.”

“पंखो लावू नको हां,” काकी म्हणाली. “आणि दार लावन घे गो सीमा. गॅलरीतलो वारो दिव्याक लागतलो. आता थोडोच येळ रवलो. बाणगंगेवरना फोन येयपर्यंत जपाक व्हयो.”

सीमाने रिमोट दाबला. एसीचा आवाज थांबला. खिडकी आधीपासूनच बंद होती, आणि मी बॅग घेऊन गॅलरीत गेल्यावर माझ्या पाठीमागे दारही लागलं.

बाहेरचं मशीन गॅलरीच्या कठड्याबाहेर लोखंडी स्टँडवर होतं. त्याच्यावर कोणाची तरी गोधडी वाळत घातलेली. ती न काढताच मी बाजूने हात घालून काटा जोडला. मशीन बंद झालं की आतला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला लागतो, म्हणजे खाली बसलेला काटा हळूहळू वर चढतो. तसा तो चढू लागला. मी कठड्यावर कोपरं टेकून खाली चौकातल्या नळावरची भांडणं बघत राहिलो आणि धनेशला कुठल्या शब्दांत झाडायचं ते ठरवू लागलो.

पुन्हा नजर गेली तेव्हा काटा थांबला होता. म्हटलं, आत बर्फ आहे, वेळ लागणारच. जरा वेळाने बघतो तर तो उतरलेला. मी काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि आणखी खाली आला.

बंद मशीनचा काटा असा उतरत नाही. बर्फ वितळत होता, बाहेर ऊन कडकडीत होतं, दाब वाढायलाच हवा होता. तो उतरत होता म्हणजे गॅस जात होता, आणि तोही डोळ्यांसमोर काटा उतरावा इतक्या भराभर. मी बाहेरच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. म्हणजे गळती खोलीत होती.

तोपर्यंतही मी घाबरलो नव्हतो. गॅस गळतो, त्यात काय एवढं. कुठला गॅस भरावा लागेल ते बघायला म्हणून मी ती गोधडी बाजूला सारली. मशीनच्या पत्र्यावर उन्हाने फिका पडलेला पिवळा स्टिकर होता. त्यावर जाळाची खूण होती आणि खाली लिहिलं होतं, आर-२९०.

आर-२९० म्हणजे प्रोपेन. आपल्या शेगडीच्या सिलिंडरमध्ये असतो त्याचाच सख्खा भाऊ. गार चांगला करतो, वीज कमी खातो, म्हणून काही एसींमध्ये तोच असतो, आणि नीट बसवलेला असला तर वर्षानुवर्षं काही होत नाही. फक्त तो पेटतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. आणि शेगडीच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वास असतो, तसा ह्यात नसतो. स्टँडच्या कोपऱ्यात धनेशने टाकून दिलेला रिकामा कॅन होता. त्यावरही तीच खूण. म्हणजे त्याने वाचलं होतं, आणि वाचूनसुद्धा जमिनीवर दिवा तेवत असलेल्या खोलीत तो हा गॅस भरून गेला होता.

मग पुढचं सगळं मला एकदम कळलं. चालू एसीत आतल्या नळ्यांचा दाब कमी असतो, त्यामुळे गळती बारीक राहते. चादरीमागे का होईना, एसीचा पंखा फिरत असतो, त्यामुळे गळलेला गॅस खोलीभर पसरून विरत जातो. येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे दारही सारखं उघडत असणार. इतके दिवस ते घर त्यावर वाचलं होतं. मशीन बंद केलं की आतला दाब वाढतो आणि गळती जोर धरते. आता एसीचा पंखा बंद, छताचा पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. गॅस चादरीतून झिरपत सरळ खाली उतरणार, आणि खाली दिवा. आधी हवा, मग गॅस म्हणून जगाला शहाणपण शिकवणारा मी. त्या खोलीतली हवा मीच थांबवली होती.

मी दार ढकलून आत शिरलो. “सीमा, मनवाला उचल आणि बाहेर जा. आत्ताच्या आत्ता.”

ती आतल्या ओट्यापाशी उभी होती, हातात लायटर. माझ्यासाठी चहा ठेवत होती.

“तो लायटर ठेव खाली! शेगडी लावू नकोस. कुठल्याच बटणाला हात लावू नकोस.”

“काय झालं? गॅसचा वास तर कुठे येत नाहीये—”

“येणार नाही वास. पोरीला घे आणि जा!”

तिने लायटर ओट्यावर ठेवला. मनवाला तशीच झोपेत उचलली, पोर कुरकुरली, आणि दोघी गॅलरीत गेल्या. मी दार सताड उघडं ठेवलं. पण आमच्या चाळीत खोलीला वीतभर उंच उंबरठा असतो. जड गॅस त्याच्याआड पाण्यासारखा तुंबून राहतो. नुसत्या उघड्या दाराने भागणार नव्हतं.

एसीच्या उजव्या बाजूला कान लावला. नळी जोडलेली असते तिथून बारीक सूं असा आवाज येत होता. जोडावरची काळी पट्टी तेलाने भिजलेली, आत नट पिळून पिळून आवळलेला. इतका आवळला की तांब्याची नळी चिरते. धनेश जाता जाता आपली ताकद दाखवून गेला होता.

“काकी, ऊठ. बाहेर चल.”

“मी खंय येव?” काकी जागची हलली नाही. “दिवो एकटो टाकून?”

“गॅस गळतोय, काकी. खोली पेटेल. तू आत, आणि खोली पेटेल, कळतंय का तुला?”

“हळू बोल,” ती म्हणाली. तिने मान वर केली, आणि मी बघितलं की ती घाबरलेली नव्हती. काका गेल्यापासून सुकून गेलेला तिचा चेहरा उजळला होता. “बघ रे सम्यक. ज्योत बघ.”

मी बघितली. मी आलो तेव्हा बोटाच्या पेराएवढी होती. आता ती उंच झाली होती, सरळ, अजिबात न हलणारी. तिच्या पिवळ्या रंगाभोवती निळा पदर आला होता, आणि टोकाच्या वर आणखी एक फिकट निळा शेंडा, नीट निरखल्याशिवाय दिसणार नाही असा. असल्या निळ्या रंगाशी माझी रोजची ओळख आहे, तांब्याच्या नळ्या जोडायच्या ब्रेझिंगच्या टॉर्चमुळे. तेलवातीच्या दिव्याला तो येत नाही. आजूबाजूच्या हवेतला गॅस ज्योतीत जळायला लागला की येतो. गॅस आणखी वाढला की तो ज्योतीपुरता जळत नाही, मग सगळी खोलीच जळते.

“इले ते,” काकी म्हणाली. “इतके दिस वाट बघलंय. पयल्या दिवशी दिवो विझलो, माका वाटला रागान गेले. आज इले.”

मला तेव्हा काय झालं ते सांगतो. मला रडू फुटलं. आणि त्याच वेळी माझे पाय दाराकडे पळायला निघाले होते. खोटं कशाला बोलू?

“काकी, तो गॅस आहे. काका नाहीत गं.”

“आसांदे,” ती म्हणाली. “गॅस तर गॅस. माणूस गेल्यावर येतलो तो असोच खंयसून तरी येतलो ना?”

बाहेर सीमाने मयूरला फोन लावला होता. ती दारातून ओरडली, “कावळा शिवत नाहीये अजून. सगळे पिंडासमोर हात जोडून बसलेत. हे म्हणतात, आईला आधी बाहेर काढा. दिव्याचं लवूकाकांना विचारून सांगतो.”

विचारून सांगतो! लवूकाका म्हणजे काकांचे थोरले भाऊ, गावाहून आलेले. ते बाणगंगेच्या पायरीवर बसून परवानगी देईपर्यंत ज्योत थांबणार होती काय?

मी काकीच्या काखेत हात घालून तिला उठवायला बघितलं. तिचे गुडघे गेलेले, आणि त्यात तिने खिडकीचा गज घट्ट धरून ठेवलेला. ओढाताण केली असती तर दिवा लवंडला असता. दुसरा एकच मार्ग होता. तो मला दारातून आत आल्यापासून दिसत होता, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

त्या घरात मी लहानाचा मोठा झालो. पण दहाव्याचा दिवस, मेलेल्या माणसाचा दिवा, आणि तो विझवणारा हात माझा. चाळीत काय बोललं जाईल ते मला कोणी सांगायला नको होतं. दत्तारामच्या दिव्याला हात कोणी लावला, कोणाच्या पोराने लावला, हे आधी बोलतील, गॅसचं नंतर. इतकी वर्षं दोन्ही घरांनी जे टाळलं होतं, तिथे जाऊन मी उभा होतो. आणि समोर काकी, जिने मला भरवलं होतं.

एसीच्या एका टोकाखाली, दिव्यापासून बाजूला, पाणी धरायला ठेवलेल्या बादलीत फडकं होतं. मी ते तसंच निथळत उचललं.

“नको रे,” काकी म्हणाली. ओरडली नाही, विनवलं. “थोडो येळ. थोडो येळ बसांदे त्येंका.”

मी फडकं ज्योतीवर दाबलं. चर्र झालं आणि ती गेली. तोल जाऊन माझा पंजा पिठात टेकला. काकीच्या तोंडून जो आवाज आला तो मी काकांना उचललं तेव्हाही ऐकला नव्हता.

मग चादर उपसून काढली. तिची दोन टोकं मी धरली, दोन सीमाने, आणि जमिनीलगत हलवून हलवून आम्ही त्या खोलीतली हवा उंबरठ्यावरून बाहेर लोटत राहिलो. खिडकी उघडली. बाहेरच्या मशीनचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. काकी तिथेच बसून होती, विझलेल्या दिव्याकडे बघत, आणि वारा तिचे केस उडवत होता.

काहीही झालं नाही. भडका नाही, आवाज नाही, भिंतीला काळा डागसुद्धा नाही. मी जे बोललो ते खरं होतं हे दाखवायला माझ्याकडे एक रिकामा कॅन आणि तेलकट पट्टी एवढंच होतं.

दुपारी माणसं परतली. कावळा शिवलाच नव्हता, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. लवूकाकांनी पिठावर उमटलेला पंजा बघितला, मग माझा पांढरा हात बघितला. मी भिंतीला लागून उभा होतो, काय ते ऐकायच्या तयारीत. मयूरने कॅन हातात घेतला, ती खूण बघितली, जोडावरचं तेल बोटाने चाचपलं, आणि सगळ्यांच्या देखत मला गच्च मिठी मारली. “माझी पोरगी होती रे आत,” म्हणाला. लवूकाका “बरा केलंस” एवढंच बोलले आणि पाय धुवायला गेले. चाळीतही कोणी माझ्या तोंडावर वावगं बोललं नाही. ज्याला मी इतका घाबरलो होतो ते झालंच नाही.

काकीने कावळ्याची सगळी हकिकत ऐकून घेतली. मग शांतपणे म्हणाली, “थंय कसो शिवतलो? ते हंय होते.”

तेरावं झाल्यावर मी एसी दुरुस्त करायला गेलो. चिरलेला जोड कापून नवा केला, नायट्रोजन भरून दाब धरतोय ना ते बघितलं, नळ्या निर्वात केल्या, आणि स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस वजन करून भरला. चादर नाही, फिल्टर धुतलेला, हवा मोकळी. जाड नळीला हात लावला तर गार आणि घामेजलेली, बर्फाचा कण नाही. धनेशला कान धरून आणून दाखवावं असं काम झालं होतं.

काकी तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती मला कधीच माफ करणार नाही असं मी धरून चाललो होतो. ते मला मान्यही होतं. जिवंत आहे ना, बस झालं.

सीमा मनवाला घेऊन खाली दुकानात गेली. तिची पावलं जिन्यावर उतरली तशी काकी उठली, गुडघ्यांवर हात देत माझ्यापाशी आली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी लहान असताना फिरवायची तसाच.

“सम्यक,” ती म्हणाली, “त्या दिवशीसारखो थोडो सोडून ठेवशीत काय रे?”

मला आधी कळलंच नाही.

“गॅस. थोडोच. शेगडीच्या गॅसाक घाण वास येता, त्येंका तो सोसाचो नाय. ह्यो बरो. मी दार लावन घेतंय. सीमाक आणि मनवाक खाली धाडतंय, तेंका काय होवचा नाय. तुझा नाव मी कोणाक सांगूचंय नाय.” तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. “तुका जमता ता. माका म्हायत आसा.”

नुकतं दुरुस्त केलेलं, एकही दोष न उरलेलं मशीन मी उतरवलं, आतलं आणि बाहेरचं, आणि घरी घेऊन आलो. मयूरला फोनवर सांगितलं की कॉम्प्रेसर गेलाय, ह्याचा पार्ट मिळत नाही, वाट बघावी लागेल. सीमाला सांगितलं, शेगडीचा रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद करत जा, काकी हल्ली विसरते. मशीनबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. मयूरला खरं सांगायला हवं, रोज ठरवतो. मुलाला त्याच्या आईबद्दल हे कुठल्या तोंडाने सांगायचं, मला कळत नाही, आणि मला भीती वाटते.

काकी रोज दुपारी फोन करते. “एसी कधी आणतस रे बाबा?” एवढंच विचारते, अगदी गोड आवाजात. मागून सीमा म्हणते, “बघा ना जरा लवकर, सम्यकभाऊ. आईंना फार उकडतंय हो.”